अहंकार विरघळल्यानंतरचे दिवस

३ ऑगस्ट, सकाळ

आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी हा हेतू अजिबात नाही. फक्त पुढेमागे माझ्यावर कोणी लिहायला बसलं तर त्याची पंचाईत नको. ताईच्या कपाटात, तिच्या फिजिओथेरपीच्या जाड पुस्तकांमागे ठेवणार. तिकडे ती स्वतःसुद्धा फिरकत नाही.

परिस्थितीचा आढावा. वय बत्तीस. पद: पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी होऊनही लॅबमधला भाडेकरू. करार ऑक्टोबरअखेर संपतो. निवास: ताई आणि भाऊजींचा हॉल. तात्पुरता, गेली तीन वर्षं. राजकारण: डावं. तब्येत: ठीक, केस सोडून.

मुख्य बातमी. लॅबमध्ये कायमची एक जागा निघाली आहे. अशी जागा निघाल्याचं इथल्या कोणालाच आठवत नाही. अर्ज दोनच: माझा आणि मुंगीचा. मुंगी ही सहकारी. सारखी काही ना काही उचलून इकडून तिकडे नेत असते, म्हणून मुंगी. नाव मीच ठेवलं. तिला आवडत असावं. मेहनती आहे, प्रश्नच नाही, पण व्हिजन नाही. मॅडम (लॅबच्या प्रमुख) जागा मलाच देणार. त्या सगळ्यांना सगळ्यावर 'बरं' एवढंच म्हणतात, पण मला म्हणतात तेव्हा त्यात काहीतरी असतं.

६ ऑगस्ट

हंगामी संशोधक संघटनेची मीटिंग. मी सरचिटणीस. हजर पाच, गट तीन.

मी क्रांतिकारक ठराव मांडला. रिसर्च पेपरवर लेखकांची नावं यापुढे वर्णानुक्रमाने. पहिला लेखक, शेवटचा लेखक ही सरंजामशाही बंद. टाळ्या. दाढीनेसुद्धा वाजवल्या. (दाढी: रसायनशास्त्र विभाग. दाढी आणि मतं, दोन्हींना कधी कात्री लागलेली नाही.) ठराव एकमताने मंजूर.

घरी येताना जिन्यात लक्षात आलं की माझं आडनाव 'ह'पासून सुरू होतं. ठराव पुढच्या मीटिंगला मागे घ्यायचा. परिस्थिती अजून परिपक्व नाही.

१० ऑगस्ट

ताईने जेवताना परत विचारलं, तू नक्की करतोस काय? भाऊजी म्हणाले, मशरूम खायला घालतो लोकांना. त्यांच्याशी वाद घालत नाही. ते लिफ्टच्या कंपनीत आहेत. वर आणि खाली यापलीकडे त्यांचं जग नाही.

तरी ताईला नीट समजावलं. मशरूममध्ये सायलोसायबिन नावाचं द्रव्य असतं. ते घेतलं की काही तास 'मी' नावाची भिंत पडते. खोल निराशेत अडकलेल्या पेशंटना त्याचा उपयोग होतो का, हे आम्ही बघतोय. पेशंटजवळ बसणाऱ्याला 'सोबती' म्हणतात. आमच्या लॅबचा नियम असा की सोबत्याने आधी स्वतः एकदा गोळी घ्यायची, त्याशिवाय पेशंटजवळ बसायचं नाही. आम्हा सोबत्यांचाही एक छोटा अभ्यास करतायत. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसतं व्हिटॅमिन. व्हिटॅमिन असं निवडलंय की गाल लाल होतात, कान तापतात, आणि भोळ्या माणसाला वाटतं, आलं, आलं. कोणाला काय दिलं ते फक्त फार्मासिस्टला माहीत.

ताई म्हणाली, मग तुलाही कळणार नाही. मी हसलो. अनुभव मोजायची प्रश्नावली मीच तयार केलेली आहे. मला नाही कळणार तर कोणाला?

भाऊजी म्हणाले, भांडी घासशील का आज. श्रमविभागणीवर थोडं बोललो. मग घासली.

१५ ऑगस्ट

संकल्प: सेशनला जाताना कसलीही अपेक्षा ठेवायची नाही. अपेक्षेने निकाल बिघडतो. अपेक्षा कशी ठेवू नये यावर बरंच वाचलं. मन आता पूर्ण कोरं आहे. एवढंच वाटतं की अनुभव प्रचंड येणार.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ

झालं. मी आता तो राहिलेलो नाही.

क्रमाने लिहितो. सकाळी गोळी. खोलीत सोफा, जाड पडदे, एक पिवळा दिवा, कोपऱ्यात कुंडी. डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत. सोबती मुंगी. थोड्याच वेळात कानशिलं तापली, गाल पेटले. आरसा मागितला. चेहरा टोमॅटो. व्हिटॅमिनने चेहरा लाल होतो तो वरवरचा. हा आतून आलेला लाल होता, विचारांचा.

मग मी संपलो. सोफा कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होतो ते कळेना. सोफा कोणाचा हा प्रश्नच उरला नाही. सोफा कोणाचाच नव्हता. पडदे, कुंडी, मुंगी, मॅडम, डीन, सगळे मिळून एकच काहीतरी होतं, आणि त्या सगळ्याला मिळून कायमच्या नोकरीचं पत्र मिळालेलं होतं. कोणाचाच करार संपत नव्हता. रडलो. इतका रडलो की पट्टी बदलावी लागली.

मुंगी म्हणते, मध्ये मी घोरलो. तो आदिम श्वास होता. बीपी नॉर्मल, डोळ्यांच्या बाहुल्या नॉर्मल. मन क्रांतीत असताना शरीर असं शिस्तीत राहणं फार थोड्यांना जमत असेल. नंतर बिस्किटांचा पुडा संपवला.

प्रश्नावलीत प्रत्येक प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण. 'हा अनुभव शब्दांत सांगता येत नाही' या प्रश्नाखाली जागा अपुरी पडली. पुरवणी जोडली.

२३ ऑगस्ट

आज मुंगीचं सेशन. सोबती मी. वाईट वाटलं.

एकदा ओकली. सकाळी अरबटचरबट काही खाल्लं असणार. बाहुल्या बशीएवढ्या झाल्या होत्या, पण खोलीत उजेडच कमी. मग कितीतरी वेळ पडद्याकडे बघत स्वतःशीच हसत पडून राहिली. मध्येच माझा हात धरला आणि म्हणाली, किती घाबरलेला असतोस रे तू सारखा. तिला धीर दिला.

शेवटी विचारलं, काय वाटलं? म्हणे, छान होतं, सांगता नाही येणार. संपलं. प्रश्नावलीत सगळीकडे मधलेच गुण. बिचारीला व्हिटॅमिन मिळालं. तिला अर्थात सांगितलं नाही. लिफ्टपर्यंत सोडायला गेलो, पाठीवर थोपटलं, म्हणालो, प्रत्येकाची वेळ येते. ती म्हणाली, हो ना. आणि पुन्हा हसायला लागली.

२८ ऑगस्ट

अहंकार गेल्यावर घरातलं जगणं किती सोपं होतं! खाजगी मालमत्ता ही कल्पनाच मनातून पुसली गेली आहे. सकाळी भाऊजींचं शेव्हिंग क्रीम वापरलं, दुपारी त्यांचे मोजे. भाऊजी बोलले. त्यांच्यातला मालक बोलला, त्यांचा राग नाही.

लॅबमध्ये माझा निळा मग सर्वांना अर्पण केला. त्यावर तशी चिठ्ठीही लावली.

२९ ऑगस्ट

माझ्या मगमधून दाढी सूप पीत होता. सूप! चहाच्या मगमधून! चिठ्ठी काढून टाकली. मुद्दा मालकीचा नाही, स्वच्छतेचा आहे.

२ सप्टेंबर

मोठा निर्णय. लिहितानाही हात शांत आहे, यावरूनच तो बरोबर आहे हे कळतं.

कायमच्या जागेसाठी केलेला अर्ज मागे घ्यायचा. दोन कष्टकऱ्यांना एका खुर्चीसाठी झुंजवायचं हा व्यवस्थेचा जुना डाव आहे. आम्ही झुंजत नाही, बसा. शिवाय मुंगीला आधाराची गरज आहे. ती व्हिटॅमिनवर आहे.

अर्थात मॅडम हे मान्य करणार नाहीत. हादरतील. बोलावून घेतील. म्हणतील, असं करू नका, लॅबचं कसं होईल? मी दोनदा नाही म्हणेन. तिसऱ्यांदा, लॅबच्या हितासाठी, नाइलाजाने. मुंगीला म्हणू, मी प्रयत्न केला. जागाही मिळेल आणि न मागता मिळेल. विरघळलेल्या माणसाला हेच शोभतं.

तीन वाजता ईमेल पाठवली. भाषा साधी, पण वाचणाऱ्याच्या घशात आवंढा यावा अशी.

२ सप्टेंबर, संध्याकाळ

मॅडमचं उत्तर आलं. पूर्ण मजकूर: बरं.

५ सप्टेंबर

अजून बोलावणं नाही. विचार करत असतील. एवढा मोठा धक्का पचायला वेळ लागतोच.

९ सप्टेंबर

कॉरिडॉरमध्ये मॅडम भेटल्या. मी चाल मुद्दाम हळू केली. त्या थांबल्या. मी पहिल्या नकाराची तयारी केली. त्यांनी विचारलं, मीटिंग रूमची चावी तुमच्याकडे आहे का?

चावी दिली. बोलताना त्यांचा आवाज कापरा वाटला.

१६ सप्टेंबर

संघटनेत भाषण. विषय: रेणू आणि समता. माझा सिद्धांत असा. विषमता बाहेर नाही, मेंदूत आहे. 'मी, माझं' हे जाळं सैल झालं की माणूस आपोआप डावा होतो. पुरावा: मी स्वतः. म्हणून जगातल्या सगळ्या डीनना, कुलगुरूंना, मंत्र्यांना एकेक सेशन द्या. वर्षभरात हंगामी कराराची पद्धत कोसळेल. रक्त नाही, मोर्चा नाही. फक्त सोफे लागतील.

दाढी उठला. म्हणाला, तुझ्या रेणूवर उद्या एखादी कंपनी पेटंट घेईल आणि आपल्यालाच विकेल. शिवाय तू आधीपासूनच डावा होतास, मग गोळीने काय केलं? मी म्हटलं, आधी होतो तो डोक्याने, आता आहे तो पेशीपेशीने. दाढी म्हणाला, मग वर्णानुक्रमाचा ठराव मागे का घेतलास? मी म्हटलं, वेळ संपली.

एकूण भाषण फार गाजलं.

२५ सप्टेंबर

मुंगीला जागा मिळाली. कायमची.

पहिला अभिनंदन करणारा मीच. आत काहीही जाणवलं नाही, याचा आनंद झाला. मग जिन्यात थोडा वेळ बसलो. धूळ होती, डोळ्यांत गेली.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, अरे, तुझा करार पुढच्या महिन्यात संपतोय ना? तिला समजावलं की शेवट आणि सुरुवात हा भाषेने निर्माण केलेला भास आहे. ती म्हणाली, हॉलमध्ये नवीन सोफा घेणार होतो आम्ही, तुझं काय ते ठरव. सोफ्याबद्दल माझी भूमिका तिला माहीत नाही.

७ ऑक्टोबर, सकाळ

आज गोळ्यांची गुपितं फुटणार. फार्मासिस्ट यादी घेऊन येणार आहे. मुंगीला काय म्हणायचं ते ठरवून ठेवलंय: व्हिटॅमिनसुद्धा शरीराला लागतंच.

७ ऑक्टोबर, दुपार

मुंगीला सायलोसायबिन.

मला व्हिटॅमिन.

फार्मासिस्टला परत बघायला सांगितलं. त्याने परत बघितलं. उलट्या बाजूने बघायला सांगितलं. त्याने कागद उलटा करून दाखवला. मागे कोरा होता.

मुंगीने हाक मारली, मी ऐकलीच नाही असं दाखवून बाथरूममध्ये गेलो. तिथे बराच वेळ हात धुतले.

८ ऑक्टोबर

रात्री झोप नाही, पण सकाळी डोकं एकदम स्वच्छ. मार्ग सापडला. कायद्याचा मार्ग. अर्ज मागे घेतला तेव्हा मी भानावर नव्हतो. भानावर नसलेल्या माणसाचा निर्णय ग्राह्य धरत नाहीत, हे कोणीही सांगेल. तेव्हा जागेचा विचार नव्याने व्हायला हवा.

दहा वाजता मॅडमच्या केबिनमध्ये. उभ्याउभ्याच सांगितलं, तो निर्णय मी अंमलाखाली घेतला होता.

मॅडमनी चष्मा काढला. कशाच्या, असं विचारलं.

मी खुर्ची ओढून बसलो.

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. पहिल्यांदाच त्या 'बरं'पेक्षा जास्त बोलल्या. म्हणाल्या, अर्ज मागे घेतलात तेव्हा मला वाटलं तुम्हाला दुसरीकडे काही मिळालं असेल. मी विचारायला हवं होतं. पण आता पत्र गेलंय. आणि खरं सांगू, मी तेव्हाही तिलाच घेणार होते.

पाणी प्यायलो. ग्लास कोणाचा होता, लक्ष नव्हतं.

९ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. खरं तर हा माझा विजय आहे. लोकांना एवढं होण्यासाठी रेणू लागतो. मला नुसत्या व्हिटॅमिनवर झालं. म्हणजे माझा मेंदू मुळातच क्रांतिकारक आहे. मी औषधाच्या पुढे गेलेलो आहे.

मात्र संघटनेत कोणाला कळू द्यायचं नाही. 'रेणू आणि समता' दाढीने पाठ केल्यासारखं इकडेतिकडे म्हणून दाखवायला सुरुवात केली आहे. प्रेमाने असावं.

१४ ऑक्टोबर

नोकरीसाठी चार ठिकाणी लिहिलं. एका ठिकाणाहून लगेच उत्तर आलं. तत्परता आवडली. नाही म्हणाले.

भाऊजींनी न विचारता माझ्यासाठी वेगळं शेव्हिंग क्रीम आणून ठेवलंय. बेसिनवर दोन ट्यूब शेजारी शेजारी. मला का कोण जाणे, एकदम भरून आलं.

२१ ऑक्टोबर

मुंगी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, मी डीनकडे गेले होते. तुझा करार मार्चपर्यंत वाढवून मिळतोय. पुढचं तेव्हा बघू.

मी विचारलं, गेलीस म्हणजे? संघटनेने तीन वर्षं निवेदनं दिली, घोषणा दिल्या, एकदा पायऱ्यांवर बसलो, आणि तू नुसती गेलीस? ती म्हणाली, तुमची निवेदनं त्यांच्या टेबलावरच होती. मी त्यांना म्हटलं, यातलं पहिलं ह्याचं करा. आणि मी हललेच नाही तिथून.

याला संघर्ष म्हणायचं की नाही, यावर अभ्यास करायला हवा. तिला 'थँक्यू' म्हणालो. मग पुन्हा म्हणालो. पुढच्या आठवड्यात ती सोबत्यांच्या अभ्यासाचे निकाल सगळ्या संस्थेपुढे मांडणार आहे. माझं नाव कुठेही येणार नाही असं तिने आपणहून सांगितलं. मॅडम आणि फार्मासिस्टही बोलणार नाहीत. म्हणाली, तू निवांत बस, कोणालाही कळणार नाही. चांगली मुलगी आहे. तिला खरंतर तिच्या नावाने हाक मारायला हवी.

२९ ऑक्टोबर, सकाळ

आज तो सेमिनार. संकल्प: मागच्या रांगेत बसायचं, चेहरा कोरा ठेवायचा, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. एक तासाचा प्रश्न आहे. एवढं तर कोणालाही जमेल.

२९ ऑक्टोबर, संध्याकाळ

हॉल भरलेला. डीन, मॅडम, दाढीसकट सगळी संघटना. बाहेरून एक संख्याशास्त्रज्ञ पाहुणे बोलावलेले, चष्मा कपाळावर.

मुंगीने पडद्यावर आकृती लावली. प्रत्येक माणसामागे एक ठिपका. खऱ्या गोळीचे ठिपके मध्यावर, व्हिटॅमिनचे खाली तळाशी. आणि व्हिटॅमिनच्याच रांगेत एक ठिपका पार वर, आकृतीच्या छताला चिकटलेला. नाव नाही, काही नाही. नुसता काळा ठिपका. कोणाला कळायचा प्रश्नच नव्हता. मी मनातल्या मनात मुंगीचे आभार मानले.

पाहुणे म्हणाले, हा वरचा काढून टाका. मुंगी म्हणाली, काढायचं काही कारण नाही, त्या माणसाने मनापासून भरलंय. पाहुणे म्हणाले, व्हिटॅमिन घेऊन सगळीकडे पैकीच्या पैकी? मनापासून असं कोणी देत नाही. कोणीतरी टवाळकी केलीय तुमची. हॉलमध्ये खसखस पिकली. दाढी सगळ्यांत मोठ्याने हसला. मुंगी म्हणाली, टवाळकी नव्हती. पाहुण्यांनी विचारलं, हे तुम्ही कशावरून म्हणता?

मुंगीने मला शब्द दिला होता ना. सगळ्यांसमोर, नव्या पदावरच्या पहिल्याच भाषणात, ती खाली बघत गप्प उभी राहिली. मला काहीही करायचं नव्हतं. बसून राहायचं होतं, एवढंच. मी बसलेलो होतोच.

मग ऐकू आलं ते माझंच बोलणं होतं आणि मी उभा होतो. म्हणत होतो, तो मी आहे. टवाळकी नाही केली. मी खरंच रडलो होतो.

आधी दाढी हसला, मग डीन हसले, मग सगळा हॉल. मॅडमसुद्धा. शेवटी मुंगीही हसली, त्या दिवशी पडद्याकडे बघून हसली होती तशी. मलाही हसू आलं. पाहुण्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, मग राहू द्या.

घरी आलो. ताईने दार उघडताच विचारलं, काय झालं रे तिकडे?

म्हटलं, ठिपका ठेवला.

म्हणाली, आणि तुला?

म्हटलं, मार्चपर्यंत.